पातळपणाचा हिशेब : १९३४ सालच्या एका घराच्या दुरुस्तीच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

कामाचा पहिला दिवस मी मुद्दाम केवळ मोजमापांत घालवला. घर १९३४ सालचे, दुमजली आणि सपाट गच्चीचे आहे. दिवाणखान्याची लोखंडी खिडकी कोपऱ्याला वळसा घालून सलग पुढे जाते आणि वरच्या मजल्यावर दीड मीटर बाहेर काढलेला सज्जा आहे. सज्ज्याच्या स्लॅबची कड ९० मिलिमीटर, खिडकीचे उभे गज २२ मिलिमीटर, कठड्याचा नळ ३२ मिलिमीटर आणि गच्चीच्या पॅरापेटचा, म्हणजे कडेच्या बुटक्या भिंतीचा, माथा ११० मिलिमीटर भरला. हे चार आकडे वहीच्या पहिल्याच पानावर चौकट करून लिहिले आहेत, कारण यापुढे जी जी दुरुस्ती सुचवली जाईल ती यांपैकी एखादा आकडा वाढवू पाहणार, हे आत्ताच दिसते आहे. कंगोरे आणि कमानी असलेल्या घरात गिलावा वीस मिलिमीटरने जाड झाला तरी तो नजरेत भरत नाही. या घरात मात्र पातळ कडा आणि त्यांच्या खाली पडणारी सावली यांपलीकडे डोळ्यांना धरायला दुसरे काही नाही.

मालक पती-पत्नींनी तीन मागण्या सांगितल्या. सज्ज्याच्या एका टोकाला १९५८ साली विटांनी बंद करून काढलेली खोली मोठी करायची, स्वयंपाकघर आणि जेवणघर यांमधली भिंत पाडायची आणि सगळ्या खिडक्या नव्या बसवायच्या. मी कुठल्याच मागणीला आज होकार किंवा नकार दिलेला नाही.

१७ जानेवारी

मूळ नकाशांचे नऊ कागद घरातल्याच एका कपाटात मिळाले. त्यांत बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात गिलावा एका जागी काढून पाहिला तर आत वीट निघाली. यात फसवणूक पाहण्याचे कारण नाही. डच वास्तुरचनाकार रीटव्हेल्ड आणि घरमालकीण त्रूस श्र्योडर यांच्या उट्रेख्तमधल्या १९२४ सालच्या घराचीही हीच कथा आहे: ते काँक्रीटचे पत्ते जुळवून उभे केल्यासारखे दिसते, पण त्याच्या भिंती बहुतांशी गिलावा केलेल्या विटांच्याच आहेत आणि काँक्रीट मुख्यतः पाया व सज्ज्यांत आहे. त्या काळात कल्पना पुढे गेली होती आणि बांधकामाची साधने मागे राहिली होती, म्हणून गवंड्याच्या थापीने ते अंतर भरून काढले. आमच्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की भिंतींचा आजार वेगळा आणि सज्ज्याचा आजार वेगळा धरावा लागेल.

२ फेब्रुवारी

सज्ज्याच्या काँक्रीटची कार्बोनेशन चाचणी केली आणि ती पहिल्या फेरीत मी स्वतःच बिघडवली. ताज्या काँक्रीटमधल्या चुन्याच्या अंशामुळे सळईभोवती तीव्र अल्कधर्मी वातावरण असते, त्यामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की ती अल्कता उतरते आणि पापुद्रा नाहीसा होतो. फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला की अल्कता शिल्लक असलेला भाग गडद गुलाबी होतो आणि उतरलेला भाग जसाच्या तसा राहतो. पहिल्या तीन भोकांत अगदी पृष्ठभागापर्यंत गुलाबी रंग उमटला आणि आम्ही दोघेतिघे क्षणभर खूश झालो. मग लक्षात आले, की ड्रिलने आतल्या निरोगी काँक्रीटची भुकटी बाहेर ओढून भोकाच्या काठावर फासली होती आणि रंग त्या भुकटीला चढला होता. भोके ब्रशने झाडून, हवा मारून, कडेचा टवका नव्याने उडवून पुन्हा फवारा मारला तेव्हा गुलाबी कड ३० मिलिमीटर आत सुरू झाली. सळईवरचे काँक्रीटचे आवरण सरासरी १२ मिलिमीटर आहे.

६ फेब्रुवारी

कार्बोनेशनची खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. नव्वद वर्षांत ३० मिलिमीटर, म्हणजे १२ मिलिमीटरचा टप्पा चौदा-पंधरा वर्षांतच, १९४८-४९च्या सुमारास, ओलांडला गेला असावा. सळया तेव्हापासून उघड्यावर पडल्यासारख्याच आहेत. तरीही सज्ज्याच्या आतल्या, भिंतीलगतच्या कोरड्या भागात एकही सळई गंजलेली नाही. गंज आहे तो बाहेरच्या कडेला आणि पावसाचे पाणी ओघळते त्या पट्ट्यात. अल्कता गेली तरी पाणी मिळाल्याखेरीज गंज धरत नाही. यावरून कामाची दिशा ठरते: जिथे कोरडे आहे तिथे छिन्नी लावायची नाही, निव्वळ चाचणीचा आकडा वाईट आला म्हणून तर मुळीच नाही. आधी आलेल्या एका कंत्राटदाराने सगळा सज्जा खालून सोलून ४० मिलिमीटर नवा थर देण्याचे सुचवले होते, असे मालकांनी सांगितले. त्याने सळई सुरक्षित झाली असती. फक्त ९० मिलिमीटरची कड १३० मिलिमीटरची झाली असती.

२७ फेब्रुवारी

सज्ज्यावरच्या खोलीबद्दल आज सविस्तर बोलणे झाले. तिची बाहेरची भिंत ११५ मिलिमीटर जाडीची आणि २.४ मीटर उंच आहे. विटेचे वजन घनमीटरला १,९०० किलो धरले तर सज्ज्याच्या मोकळ्या टोकावर, जिथे भार सर्वांत कमी असायला हवा तिथेच, दर मीटरला सव्वापाचशे किलो बसतात. मूळ रचनेत तिथे फक्त नळाचा कठडा होता. भिंतीला लागून स्लॅबच्या वरच्या अंगाला आडवा तडा आहे आणि टोक इतर सज्ज्यापेक्षा १९ मिलिमीटर खाली आहे. बाहेर काढलेल्या स्लॅबचे असे खचणे थोरामोठ्यांच्या घरांनाही चुकलेले नाही: फ्रँक लॉइड राइट यांच्या फॉलिंगवॉटरमध्ये झेपावलेल्या सज्ज्यांची टोके सुमारे १८ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती आणि अखेर २००२ साली पोलादी केबल ताणून ती धरावी लागली.

खोली मोठी करणे शक्य नाही, हे सांगणे सोपे होते. असलेली खोलीही काढावी लागेल, हे सांगणे जड गेले, कारण मालकांचे बालपण त्या खोलीत गेले आहे आणि तिच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केलेल्या आहेत. नंतरच्या काळातली भर म्हणजे सरसकट कचरा, असे मी मानत नाही. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीची १९६४ची व्हेनिस सनदही सर्व कालखंडांच्या भरीचा मान राखायला सांगते. श्टुटगार्टच्या वाइसनहोफ वसाहतीतल्या, ल कोर्ब्यूझिए आणि पिएर जानरे यांच्या १९२७ सालच्या जोडघरात तर एक अर्धा भाग मूळ स्वरूपात आणला आहे आणि दुसऱ्यात वसाहतीचा इतिहास आणि घरात होत गेलेले बदल समजावून दिले आहेत. पण इथली भर घरालाच मोडते आहे, म्हणून विटा जातील. दाराची चौकट घराच्या मूळ भिंतीत बसलेली आहे. ती, खुणांसकट, जागची हलवायची नाही. यावर मालक काही बोलले नाहीत. मालकीणबाईंनी मात्र विचारले, ‘चौकट रंगवणार का?’ नाही रंगवणार.

१४ मार्च

खिडक्या. या विषयावर सर्वाधिक वेळ जाणार हे ठाऊक होते. एकेरी काचेतून प्रत्येक चौरस मीटरमागे आणि एक अंश फरकामागे सुमारे ५.७ वॅट उष्णता निसटते, त्यामुळे मालकांची तक्रार रास्तच आहे. नव्या, उष्णता रोखणाऱ्या धातूच्या चौकटी बसवल्या तर घर उबदार होईल, पण २२ मिलिमीटरच्या गजाच्या जागी पन्नास-साठ मिलिमीटरची पट्टी येईल. तशा पट्टीचा नमुना मी पुठ्ठ्याचा कापून दिवाणखान्याच्या खिडकीवर चिकटवला आणि मालकांना समोरच्या भिंतीशी उभे केले. कोपऱ्यावर तर दोन पट्ट्या मिळून चक्क एक खांब तयार होतो, आणि कोपऱ्यात खांब नसणे हीच तर त्या खिडकीची करामत आहे. पुढे वाद घालावा लागला नाही.

झडपा एकेक काढून पाहिल्यावर नुकसान वाटले त्यापेक्षा कमी निघाले. खालच्या आडव्या पट्टीत जिथे लांबी (काच बसवण्याची पुट्टी) निखळली तिथे पाणी साचले, गंज फुगला आणि त्या फुगण्यानेच काच तडकली. वरचे तीन चतुर्थांश लोखंड मात्र खणखणीत आहे. महायुद्धापूर्वीच्या अशा खिडक्यांवर सहसा जस्ताचा मुलामा नसे, रंग आणि लांबी एवढेच त्यांचे चिलखत. सडलेले तुकडे कापून त्याच छेदाचे नवे तुकडे झाळून बसवता येतील. लोहाराने दोन झडपांवर ते करून दाखवले आणि सांधा बोटालाही जाणवत नाही.

काचेचा प्रश्न खोलीगणिक वेगळा सोडवायचा ठरला. शयनगृहांत दोन काचांमधली हवा काढून घेतलेली, एकूण ८ मिलिमीटर जाडीची काच बसेल. चौकटीची खाच १४ मिलिमीटर आहे, लांबीसाठी ६ उरतात, म्हणजे जेमतेम निभेल. वजन मात्र दुप्पट होते, चौरस मीटरला दहा किलोच्या जागी वीस, म्हणून बिजागऱ्यांच्या खिळी नव्या कराव्या लागतील. एक धोकाही आहे: आजवर खोलीतली दमट हवा सर्वांत गार अशा काचेवर घाम होऊन उतरत होती, काच उबदार झाली की तो घाम लोखंडावर उतरेल. म्हणून खिडक्यांच्या माथ्यावरच्या, रंगाचे थर चढून कायमच्या बंद झालेल्या छोट्या झरोक्यांच्या झडपा मोकळ्या करणे हा त्याच कामाचा भाग समजायचा.

दिवाणखान्यातल्या अकरा तावदानांत मूळची, यंत्राने ओढून काढलेली काच अजून आहे. ती समोरून सपाटच दिसते. पण डोके हातभर बाजूला नेले की बाहेरच्या झाडाचे खोड मध्येच लचकते आणि पुन्हा सरळ होते. १९५९ साली पिल्किंग्टन या काच कंपनीने फ्लोट पद्धत, म्हणजे वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची रीत, जाहीर केली, त्यानंतर ही लचक काचेतून नाहीशी झाली. या अकरा काचा तिथेच राहतील, एकेरीच. फटींना पट्ट्या आणि मूळ रुळावर जाड पडदा, एवढ्यावर मालकांनी समाधान मानले. मी त्यांच्या जागी असतो तर मानले असते का, याची मला खात्री नाही.

३ एप्रिल

रंगांचे नमुने परतले. राळेत बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बाहेरच्या भिंतीवर नऊ थर दिसले आणि पहिल्या थराखाली, म्हणजे मूळ गिलाव्यावर, धुळीची बारीक रेघ दिसली. याचा अर्थ घर सुरुवातीला बरीच वर्षे न रंगवता उभे होते आणि त्याचा रंग वाळूमिश्रित गिलाव्याचा, फिकट पिवळसर करडा होता. मालकांना आणि शेजाऱ्यांना ते ‘पांढरे घर’ म्हणूनच ठाऊक आहे. सज्ज्याची खालची बाजू फिकट निळी, शयनगृहाची एक भिंत हिरवट राखी आणि खिडक्यांचे लोखंड काळसर निळे निघाले. या काळातली घरे पांढरीच असत, हा समज कृष्णधवल छायाचित्रांनी पसरवला. पेसाकची ल कोर्ब्यूझिए यांची वसाहत किंवा देसाऊमधली बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या शिक्षकांची घरे यांत रंग भरपूर होता.

रंगाच्या नऊ थरांची जाडी दीड मिलिमीटर भरली. हे क्षुल्लक वाटेल, पण पॅरापेटच्या कोपऱ्यावरून बोट फिरवले तर साबणाच्या वापरलेल्या वडीवरून फिरवल्यासारखे लागते, आणि थर काढलेल्या हातभर जागेत तीच कड वहीच्या कडेसारखी लागते.

२२ एप्रिल

वरच्या मजल्यावरची लाल, सांधे नसलेली जमीन मॅग्नेसाइटची आहे: लाकडाचा भुसा, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडचे पाणी. पायाला ऊबदार, पण पाण्याशी वैर असलेली. न्हाणीघराच्या दारापाशी ती मऊ पडली आहे आणि क्लोराइडमुळे तिच्याखालचा लोखंडी नळ चाळणी झाला आहे. नळ बदलणे, त्याला वेगळे आवरण देणे आणि तेवढाच तुकडा त्याच मिश्रणाने भरणे. ओल्या फडक्याने पुसण्यास मनाई.

१६ मे

स्वयंपाकघराची भिंत. ती भार घेत नाही, त्यामुळे पाडायला अडचण नाही, असे आधी कुणीतरी सांगून गेले होते. पण ती नुसती भिंत नाही. दोन्हीकडून उघडणारे भांड्यांचे कपाट, वाढपाची खिडकी आणि घडीचे टेबल असे सगळे तिच्यात बसवलेले आहे. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या घरांसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेत स्वयंपाकघर बसवले, त्याच विचाराची ही धाकटी बहीण. दोन माणसे एकत्र काम करू शकत नाहीत, ही मालकीणबाईंची तक्रार मात्र खरी आहे, आणि ज्या घरात राहणे गैरसोयीचे होते ते घर फार काळ राहत्या माणसांच्या हाती टिकत नाही. कपाटाच्या पलीकडे, भिंतीच्या टोकाला, १९७०च्या दशकात एक दार फोडून पुन्हा बुजवलेले आढळले. मूळ गिलावा तिथे तसाही गेलेलाच आहे. तिथून १.२ मीटर रुंद वाट काढायची आणि कपाट राखायचे, यावर दोन्ही बाजू थांबल्या. या सर्व महिन्यांत मी मनापासून दिलेला हा पहिला होकार.

१० जून

गच्ची उघडली. स्लॅबवर उतारासाठी कोळशाच्या राखेचे काँक्रीट, पाणी वाहून नेणाऱ्या तोंडाशी ४० आणि दूरच्या टोकाला १२० मिलिमीटर. त्यावर डांबराचे एकावर एक थर, सगळे मिळून २० मिलिमीटर. राख पाण्याने तुडुंब होती. पहार मारली तेव्हा खड्ड्यात पाणी जमू लागले. ल कोर्ब्यूझिए यांचे व्हिला सावॉय हे घर १९३१ साली पूर्ण झाल्यावर तिथल्या मालकीणबाईंनी गळक्या छपराबद्दल त्यांना पत्रांमागून पत्रे धाडली होती, त्यांची आठवण झाली. सपाट छप्पर वाईट असते असे नव्हे. पाणी आत शिरल्यावर त्याला बाहेर पडायला वाट नसते, हे वाईट.

उष्णतारोधक थर घालायचा तर पॅरापेट उंच करावा लागेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. आज आकडेमोड केली ती अशी: राख आणि डांबर मिळून एका टोकाला ६० आणि दुसऱ्याला १४० मिलिमीटर जागा मोकळी होते. पाण्याच्या तोंडापर्यंतचे अंतर ४.८ मीटर आहे. ८०ला १ असा उतार दिला तर ६० मिलिमीटर चढ लागतो. उतरत्या जाडीच्या रोधक फळ्या ५०पासून ११०पर्यंत आणि वर ८ मिलिमीटरचा जलरोधक थर, म्हणजे ५८ आणि ११८. पॅरापेट एक मिलिमीटरही वाढत नाही आणि स्लॅबवरचे, कोरड्या राखेचे धरले तरी चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपासचे ओझे उतरते. असा दिवस क्वचित येतो.

५ ऑगस्ट

सज्ज्याची भिंत उतरवली, स्लॅबला खालून टेके दिले. कडेच्या पट्ट्यात गंजलेल्या सळयांच्या मागे २० मिलिमीटरपर्यंत काँक्रीट काढले, जिथे छेद पाव भागाहून अधिक घटला होता तिथे स्टेनलेस सळई जोडली, कारण तिला आवरण कमी असले तरी चालते आणि कड ९० मिलिमीटरचीच राहते. ठिगळाच्या सीमेवर जस्ताचे छोटे ठोकळे सळईला बांधले. नव्या काँक्रीटमधली सळई सुरक्षित झाली की लगतच्या जुन्या काँक्रीटमधली सळई जोमाने गंजू लागते आणि दोन-चार वर्षांत ठिगळाभोवतीच नवे पोपडे सुटतात. जस्त आधी झिजून तो मार स्वतःवर घेते. साच्याला खडबडीत फळ्या लावल्या, शेजारच्या ठशाशी जुळतील अशा. एका ठिकाणी फळी उलटी लागल्याने ठसा आडवा उमटला. तो तसाच ठेवला आहे.

२३ सप्टेंबर

१९५८ साली काढलेला कठड्याचा नळ सापडला. मागच्या अंगणात वेलीच्या मांडवाचे आडवे दांडे म्हणून तो इतकी वर्षे उभा होता. माळ्याने सुतळी सोडली तेव्हा व्यास पाहून शंका आली, मोजला तर ३२ मिलिमीटर, आणि गंजाखाली तोच काळसर निळा रंग. बर्नोच्या व्हिला तुगेंधाटमधल्या जेवणघराच्या अर्धवर्तुळाकार भिंतीचे मॅकासर एबनी या गडद लाकडाचे तक्ते २०११ साली तिथल्या विद्यापीठाच्या इमारतीत भिंतीला लावलेले सापडले होते. आमचा शोध त्यामानाने गरीब, पण आनंद तोच.

सज्ज्याच्या टोकाला मुळात फुलझाडांची काँक्रीटची कुंडी होती, ती फक्त एका पुसट छायाचित्रात दिसते. तिच्या कडा कशा होत्या हे त्यावरून कळत नाही. देसाऊमध्ये बाँबहल्ल्यात नष्ट झालेले, बाउहाउसचे संस्थापक ग्रोपियस यांचे घर २०१४ साली पुन्हा उभे केले, तेव्हा आकारमान तेच ठेवून बारकावे मुद्दाम गाळले, तो मार्ग मला प्रामाणिक वाटतो. कुंडी साधी, बिनकाठाची आणि वजनाने हलकी, पत्र्याची करायची.

कठडा मूळचा ८२० मिलिमीटर उंच आहे, आज त्यावर कुणी लहान मूल सोडणार नाही. नळाची उंची न बदलता, त्याच्या १५० मिलिमीटर आत, १,१०० मिलिमीटर उंचीवर एक तार ताणून घेतली. रस्त्यावरून ती दिसत नाही; सज्ज्यात उभे राहिले की दिसते, आणि ती नवी आहे हे कळते.

१८ ऑक्टोबर

बाहेरून सिलिकेट रंगाचा पातळ हात. हा रंग १८७८ सालापासून वापरात आहे. तो गिलाव्यावर पापुद्रा न धरता त्याच्याशी एकजीव होतो आणि आतली ओल बाहेर पडू देतो. कार्बन डायऑक्साइड तो अडवत नाही, पण सळईच्या पलीकडे पोहोचलेल्या गोष्टीला आता अडवून उपयोग नाही. घर पांढरे राहिले नाही म्हणून दोन शेजारी हळहळून गेले.

२९ नोव्हेंबर

गच्चीवर ४८ तास पाणी कोंडून ठेवले होते. खाली एकही डाग नाही. सज्ज्याचे टेके ऑक्टोबरमध्ये काढले, तेव्हा तड्यावर लावलेली मोजपट्टी ०.३ मिलिमीटर दाखवत होती, आजही ०.३ दाखवते; टोक १९ऐवजी १४ मिलिमीटर खाली आहे, उरलेले उतरणे काँक्रीटच्या अंगी मुरले आहे आणि ते तसेच राहील. दिवाणखान्याची तिसरी झडप ओल्या हवेत अडकते, तिची कड घासायला लोहार सोमवारी येईल. मोजपट्टीचे पुढचे वाचन २८ फेब्रुवारीला. पट्टीची चावी मालकीणबाईंकडे, दाराच्या चौकटीशेजारच्या खिळ्याला.